नगरजीवनाची कविता आणि लोकगीताची चाल : अण्णा भाऊ साठे यांची मुंबईविषयक गीते

प्रास्ताविक

सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या वेंगुर्ले तालुक्यातील शिरोडा हे गाव मराठी वाचकाला प्रामुख्याने दोन कारणांनी परिचित आहे. १९३० साली येथील मिठागरांवर मिठाचा सत्याग्रह झाला, आणि १९२० ते १९३८ या काळात वि. स. खांडेकर यांनी येथील शाळेत अध्यापन केले. या गावाची तिसरी ओळख इतिहासाच्या पुस्तकांत फारशी नोंदली गेलेली नाही. मात्र ती घराघरांत जिवंत आहे. ती म्हणजे चाकरमान्यांचे गाव ही ओळख. किनारपट्टीवरील इतर अनेक गावांप्रमाणे शिरोड्यातील माणसेही पिढ्यान्‌पिढ्या पोटासाठी मुंबईला गेली. कोकण रेल्वे होण्यापूर्वीच्या काळात वेंगुर्ले बंदरातून आगबोटीने होणारा तो प्रवास, मागे राहिलेली बायकामुले, महिन्याची मनिऑर्डर आणि गणेशचतुर्थीची वाट पाहणे, या गोष्टींनी येथील जीवनाची घडी बसवली. शिरोड्यालगतच्या आरवलीचे जयवंत दळवी यांनी ‘सारे प्रवासी घडीचे’मध्ये गाव रंगविले आणि ‘चक्र’मध्ये मुंबईची झोपडपट्टी. एकाच लेखकाच्या हातून ही दोन पुस्तके लिहिली जावीत, यात या भूभागाचे वास्तव सामावलेले आहे.

गाव आणि मुंबई यांच्यामध्ये ताणल्या गेलेल्या या जीवनाला गद्यात वाचा मिळाली, तशी ती गाण्यातही मिळाली. हे गाणे कोकणच्या मातीत जन्मलेले नसले, तरी कोकणच्या माणसाला ते परके वाटत नाही. अण्णा भाऊ साठे (१९२०–१९६९) यांची ‘मुंबईची लावणी’ आणि ‘माझी मैना गावावर राहिली’ ही छक्कड ही त्याची सर्वांत ठळक उदाहरणे होत. कवीला झालेले महानगराचे दर्शन संगीतात येते तेव्हा नेमके काय घडते, चाल ही शब्दांना दिलेली केवळ सजावट असते की ती स्वतःच अर्थाचा एक भाग बनते, या प्रश्नाचा विचार या दोन रचनांच्या आधारे करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

नगरकविता गाण्यापर्यंत पोहोचण्याच्या वाटा

कविता आणि संगीत यांचा संबंध मराठीत स्थूलमानाने तीन प्रकारांनी आलेला दिसतो. पहिल्या प्रकारात कवितेच्या छंदातच संगीताची आठवण दडलेली असते, पण कविता मात्र वाचण्यासाठीच राहते. बा. सी. मर्ढेकर (१९०९–१९५६) यांची कविता हे याचे उत्तम उदाहरण होय. ‘काही कविता’ (१९४७) आणि ‘आणखी काही कविता’ (१९५१) या संग्रहांतील यंत्रयुगीन मुंबईचे दर्शन त्यांनी अनेक ठिकाणी ओवी व अभंग यांसारख्या जुन्या, गेय छंदांत बांधले. संतांच्या छंदात गिरण्या, दिवे, आगगाड्या आणि मरगळलेला माणूस आला, की वाचकाच्या कानात जुना भक्तीचा नाद आणि डोळ्यांपुढे नवे भकास दृश्य असे दोन्ही एकाच वेळी उभे राहते. येथे संगीत प्रत्यक्षात वाजत नाही. ते हरवले आहे, याची जाणीव हाच कवितेचा परिणाम आहे.

दुसऱ्या प्रकारात संगीतकार कवीच्या शब्दांना स्वतंत्र चाल देतो आणि एकल गायक ते गातो. भावगीताची ही परंपरा वेंगुर्ले तालुक्याला जवळची आहे. याच तालुक्यात जन्मलेल्या आरती प्रभू, म्हणजेच चिं. त्र्यं. खानोलकर, यांच्या कविता हृदयनाथ मंगेशकर यांच्या चालींमुळे काव्यसंग्रह न वाचणाऱ्यांपर्यंतही पोहोचल्या. नगरजीवनापुरते पाहायचे झाल्यास १९७८ च्या ‘गमन’ या हिंदी चित्रपटातील शहरयार यांची गझल आठवते. जयदेव यांनी ती संगीतबद्ध केली आणि सुरेश वाडकर यांनी गायिली. पत्नीला गावी ठेवून मुंबईत टॅक्सी चालवणाऱ्या उत्तर प्रदेशातील तरुणाची ती कथा. गझलेतील प्रत्येक शेर स्वतंत्र असतो आणि गाणारा आवाज एकटा असतो. त्यामुळे शहरातील एकटेपणाला तेथे अगदी साजेसे रूप मिळाले.

तिसऱ्या प्रकारात कवी नवी चाल शोधत नाही. लोकांच्या ओठांवर आधीच असलेला गीतप्रकार तो उचलतो आणि त्यात नवा आशय भरतो. या वाटेने जाणाऱ्या कवीला एक लाभ आपोआप मिळतो. श्रोत्याच्या मनात त्या गीतप्रकाराविषयी काही अपेक्षा आधीपासून असतात. कवी त्या पूर्ण करू शकतो किंवा मोडू शकतो, आणि मोडल्या तरी श्रोता दुरावत नाही, कारण चाल त्याच्या ओळखीची असते. अण्णा भाऊंची मुंबईविषयक गीते या तिसऱ्या वाटेवरची आहेत.

लावणीतील दोन मुंबई

अण्णा भाऊंच्या पूर्वी मुंबईवर लावणी रचली गेली होती, आणि ती रचणारा शाहीरही सामान्य नव्हता. पठ्ठे बापूराव (१८६६–१९४५) म्हणजे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी. वाळवे तालुक्यातील रेठरे हरणाक्ष येथील एका ब्राह्मण कुटुंबात जन्मलेल्या या माणसाने जातीची चौकट मोडून तमाशाचा फड जवळ केला. पवळाबाईंसह त्यांनी मुंबईचे तमाशा थिएटर गाजवले. त्यांच्या मुंबईच्या लावणीत हे शहर रावणाच्या लंकेसारखे वैभवाने झगमगते. गावाकडून आलेल्या माणसाचे डोळे दिपावेत आणि त्याने तोंडात बोट घालावे, अशी ही मुंबई आहे. लंकेच्या उपमेत धोक्याची एक छटा आहे, हे खरे. परंतु एकूण सूर नवलाचा आहे. तमाशाला जमलेला कामगार श्रोता त्या नवलात सहज सामील होत असे.

अण्णा भाऊंनी त्याच नगरीवर त्याच गीतप्रकारात रचना केली, मात्र पाहण्याची जागा बदलली. सांगली जिल्ह्यातील वाटेगावात मातंग समाजात जन्मलेल्या आणि जवळजवळ शालेय शिक्षण नसलेल्या या मुलाने कुटुंबासोबत पायी चालत मुंबई गाठली होती. मिळेल ते काम त्याने केले, गिरणीतही केले. पुढे दीर्घकाळ त्यांचे वास्तव्य घाटकोपरच्या चिरागनगर वस्तीत होते. साहजिकच त्यांच्या लावणीत मुंबई एक राहत नाही, तिच्या दोन होतात. उंचावरचा मलबार हिल ही इंद्राची नगरी आणि तेथील रहिवासी कुबेर. खाली परळ, जेथे रात्रंदिवस राबणारी माणसे मिळेल ते खाऊन घाम गाळतात. पुराणातील उपमा बापूरावांनीही वापरल्या आणि अण्णा भाऊंनीही. मात्र पहिल्या लावणीत उपमा साऱ्या नगरीला व्यापते, तर दुसरीत ती नगरीच्या एका टेकडीपुरतीच उरते. उपमा कोठपर्यंत लागू पडते, हाच येथे वादाचा मुद्दा होतो.

चालीचे काम येथे स्पष्ट होते. ढोलकी, तुणतुणे, कडे आणि झांज यांच्या साथीत लावणी सुरू झाली, की श्रोता रंजनाला सज्ज होतो. मुख्य गायकाने ध्रुवपद म्हणायचे आणि झीलकऱ्यांनी ते उचलून धरायचे, हा संकेत त्याच्या अंगात भिनलेला असतो. अशा श्रोत्याला शृंगाराऐवजी किंवा नगरीच्या कौतुकाऐवजी स्वतःच्याच चाळीचे आणि पोटाचे वर्णन ऐकू येते. तेच शब्द भाषणात आले असते, तर ऐकणारा सावध झाला असता. लावणीत ते आले, म्हणून त्याने मान डोलावली, आणि मान डोलावल्यानंतर आपण कशाला दाद दिली हे त्याच्या लक्षात आले. गीतप्रकार आणि आशय यांतील हे अंतरच या रचनेचे बळ आहे.

लाल बावटा कलापथक आणि रूपांतरित तमाशा

या गीतांमागे एक संघटित प्रयत्न होता. १९४४ साली अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांनी लाल बावटा कलापथक उभे केले. गिरणगावातील मैदाने, चाळींची पटांगणे आणि कामगारांच्या सभा हे त्याचे रंगमंच होते. स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारने तमाशावर आणि या पथकाच्या कार्यक्रमांवर निर्बंध आणले. त्या काळात तमाशाला ‘लोकनाट्य’ हे नवे नाव व नवे रूप देण्यात अण्णा भाऊंचा वाटा महत्त्वाचा ठरला.

पारंपरिक तमाशाचा क्रम गण, गौळण, बतावणी, लावणी आणि वग असा असतो. अण्णा भाऊंनी हा आराखडा टाकून दिला नाही. गणातील गणेशवंदनेच्या जागी त्यांनी मायभूमी आणि छत्रपती शिवाजी महाराज यांना वंदन आणले. वंदनाची जागा, त्याची लय आणि त्यातील गांभीर्य तेच राहिले; वंद्य बदलले. लोकसंगीताच्या संदर्भात हा सिद्धान्तच म्हणता येईल : साचा जितका दृढ, तितका त्यात केलेला बदल ठळक. ‘माझी मुंबई’ या त्यांच्या लोकनाट्याचा विषयही मुंबई कोणाची, हा प्रश्नच होता.

छक्कडीची रचना : ‘ची’ या प्रत्ययाचा प्रवास

छक्कड हा लावणीच्याच कुळातील, चपळ लयीचा गीतप्रकार आहे. ‘माझी मैना’ ही छक्कड संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीच्या काळातील. १९५५ च्या नोव्हेंबरात फ्लोरा फाउंटन येथे गोळीबार झाला, १९५६ मध्ये मुंबईसह द्वैभाषिक राज्य अस्तित्वात आले, आणि शंभरांहून अधिक माणसांच्या बलिदानानंतर १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य स्थापन झाले. या धामधुमीत ही छक्कड सभासभांतून गायिली गेली. अमर शेख यांच्या बुलंद आवाजाने ती दूरवर नेली आणि पुढच्या पिढीत विठ्ठल उमप यांच्या गायनाने तिला पुन्हा श्रोता मिळाला.

तिची मांडणी तीन टप्प्यांची आहे. पहिल्या टप्प्यात गरिबीमुळे गाव सोडणारा तरुण आणि त्याला निरोप देणारी पत्नी आहेत. पहाटेची वेळ आहे, शिदोरी बांधून झाली आहे. रुसलेल्या मैनेला हसवण्यासाठी तो वचने देतो : शिंदेशाही तोडे, कोल्हापुरी साज आणि असे कितीतरी दागिने. दुसऱ्या टप्प्यात मुंबई येते, आणि तीही यादीच्याच रूपात येते. यंत्रे, माणसांची गर्दी, हडसन मोटार, नायलॉन-जॉर्जेटच्या साड्या, पुस्तकांच्या राशी असे सारे एकापाठोपाठ ओघळत राहते. या दोन याद्या परस्परांसमोर ठेवल्या, की कवीची दृष्टी उलगडते. पहिली यादी गावातील स्त्रीला न मिळालेल्या वस्तूंची आहे, दुसरी शहरात उघड्यावर मांडलेल्या वस्तूंची. नायक या दोन याद्यांच्या मधोमध रिकाम्या खिशाने उभा आहे. कवी हे कोठेही समजावून सांगत नाही. याद्यांची लयच ते सांगते.

या लयीचे रहस्य एका छोट्या प्रत्ययात आहे. छक्कडीतील असंख्य तुकडे ‘ची’ या षष्ठीच्या प्रत्ययावर संपतात. गाताना हा प्रत्यय आघाताच्या जागी येतो. ढोलकीची थाप आणि ‘ची’ एकत्र पडतात, आणि पुढचा तुकडा लगेच सुरू होतो. परिणामी गायकाला श्वास कमी मिळतो, वेग वाढत जातो आणि शहराची दमछाक श्रोत्यालाही जाणवते. तथापि, हा केवळ नादाचा खेळ नाही. षष्ठी ही मालकीची, संबंधाची विभक्ती आहे. हे कोणाचे, ते कोणाचे, असे ढोलकीच्या प्रत्येक थापेसरशी विचारले जाते. पहाटेची, भाकरीची, यंत्राची, मोटारीची असे करत करत हा प्रत्यय मूळ प्रश्नापाशी येऊन थांबतो : मुंबई कोणाची? चळवळीच्या घोषणेत हा प्रश्न राजकीय होता. छक्कडीत तो व्याकरणातून आणि तालातून आधीच श्रोत्याच्या कानात रुजलेला असतो.

तिसऱ्या टप्प्यात गीत एक अनपेक्षित वळण घेते. नायकाची मैनेशी जशी ताटातूट झाली, तशीच गत तुटलेल्या महाराष्ट्राची झाली आहे, असे कवी सांगतो आणि बेळगाव, कारवार, डांग, उंबरगाव या भागांची नावे घेतो. त्यानंतर झीलकरी पुन्हा तेच ध्रुवपद उचलतात. शब्द तेच, चाल तीच. मात्र मैना आता केवळ एका घरातील स्त्री राहिलेली नाही. ध्रुवपदाचा अर्थ बदलला आहे, आणि हा बदललेला अर्थ श्रोते स्वतः झीलकऱ्यांबरोबर गात आहेत. एकट्याने वाचायच्या कवितेत हा परिणाम साधणे अवघड आहे, कारण तेथे ध्रुवपद पुन्हा म्हणणारा समुदाय नसतो. ‘गमन’मधील गझल आणि ही छक्कड यांचा मूळ प्रसंग जवळजवळ एकच, पत्नी गावी आणि पुरुष मुंबईत. परंतु गझलेने त्यातून एकाकी प्रश्न घडवला आणि छक्कडीने सामुदायिक मागणी. हा भेद कवींच्या प्रतिभेइतकाच गीतप्रकारांच्या घडणीतूनही आलेला आहे.

शिरोड्याच्या कानाने

येथे शिरोड्याकडे पुन्हा वळणे आवश्यक ठरते. सिंधुदुर्गाच्या लोकसंगीतात ढोलकी-तुणतुण्याच्या लावणीला मध्यवर्ती स्थान नाही. येथील कानाला मृदंग, पायपेटी आणि झांज यांचा दशावतार परिचित आहे. तसेच दोन बुवांमध्ये रंगणारी डबलबारी भजने परिचित आहेत. तरीही देशावरची छक्कड येथील माणसाला समजते, याचे एक कारण मुंबई हे आहे. गिरणगावातील चाळींत घाटावरचा आणि कोकणातला कामगार शेजारी राहिले. एकाच्या तमाशाला दुसरा गेला आणि दुसऱ्याच्या भजनाला पहिला. दुसरे कारण संगीताच्या रीतीत आहे. ओळखीच्या चालीवर नवे शब्द बसवणे आणि सहकाऱ्यांनी ध्रुवपद उचलून धरणे, ही पद्धत भजनी मंडळांच्याही हाडीमासी भिनलेली आहे. वाद्ये वेगळी असली, तरी तत्त्व एकच आहे.

गीतातील ‘कारवार’ हे नावही येथे वेगळ्या रीतीने ऐकू येते. गोव्याच्या पलीकडे, याच समुद्राच्या काठी असलेले ते शहर आहे. सीमेवर राहणाऱ्या माणसाला ते नकाशावरील दूरचे नाव वाटत नाही.

तथापि, शिरोड्याच्या कानाने ऐकताना या गीतातील एक उणीवही जाणवते. संपूर्ण छक्कडीत बोलतो तो पुरुष. मैना रुसते, मुकी होते, मागे राहते. पण ती गात नाही. पुरुषाच्या विरहाला ढोलकी मिळाली, सभा मिळाली, झीलकरी मिळाले. गावी राहून शेत, गुरे, म्हातारी माणसे आणि मुले सांभाळणाऱ्या स्त्रीचे म्हणणे जात्यावरच्या ओव्यांत आणि फुगडीच्या गाण्यांत शोधावे लागते. त्या गाण्यांना श्रोता नव्हता. गाणाऱ्याच ऐकणाऱ्या होत्या. जाती थांबली, तसे त्या ओव्यांचे म्हणण्याचे निमित्तही संपले. मुंबईच्या गाण्याचा दुसरा अर्धा भाग या ओव्यांत आहे, आणि तो अधिक वेगाने नाहीसा होत आहे.

चालीचे जतन

१८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपानंतर गिरणगावाचे जग विरत गेले. गिरण्यांच्या जागी उंच इमारती आल्या आणि ज्या मैदानांत ही गीते गायिली जात, तेथील श्रोता विखुरला. गीतप्रकार मात्र संपला नाही. आनंद पटवर्धन यांच्या ‘हमारा शहर’ (१९८५) या माहितीपटात बेघर झोपडपट्टीवासीयांची मुंबई शाहीर विलास घोगरे यांच्या गाण्यातून उभी राहिली. १९९७ मध्ये घाटकोपरच्या रमाबाई नगरात झालेल्या गोळीबारानंतर घोगरे यांनी आत्महत्या केली. त्यांच्या स्मृतीपासून सुरू होणाऱ्या ‘जय भीम कॉम्रेड’ (२०११) या माहितीपटात नंतरच्या शाहिरांचे आवाज जतन झाले.

छापील संग्रहात शब्द राहतात. चाल, थापेची जागा, झीलकऱ्यांनी स्वर उचलण्याचा क्षण या गोष्टी राहत नाहीत. ‘ची’ हा प्रत्यय कागदावर केवळ यमक आहे, गाण्यात तो प्रश्न आहे. म्हणून अशा कवितेचा अभ्यास केवळ पुस्तकातून पूर्ण होऊ शकत नाही.

निष्कर्ष

१. अण्णा भाऊ साठे यांच्या मुंबईविषयक गीतांत संगीत हे आशयावर चढवलेले आवरण नाही. गीतप्रकाराविषयीच्या श्रोत्याच्या अपेक्षा, ध्रुवपदाची पुनरावृत्ती आणि तालाचा आघात यांतूनच कवीची नगरदृष्टी साकार होते.

२. पठ्ठे बापूराव आणि अण्णा भाऊ यांच्या लावण्या एकत्र ठेवल्यास, एकाच साच्यातून नगरीचे कौतुक आणि नगरीची चिकित्सा दोन्ही संभवतात, हे दिसते. साचा तटस्थ असतो. पाहणाऱ्याची जागा निर्णायक ठरते.

३. मर्ढेकरांची अगेय राहिलेली छंदोबद्ध कविता, शहरयार यांची एकल स्वरातील गझल आणि अण्णा भाऊंची समूहाने उचललेली छक्कड यांत महानगराची तीन दर्शने आहेत. त्यांतील भेद समजण्यासाठी ती कोण गातो आणि कोण ऐकतो, हे लक्षात घेणे आवश्यक आहे.

४. गाव आणि मुंबई यांमधील ताटातुटीचे गाणे पुरुषाच्या बाजूने लोकमान्य झाले. स्त्रीच्या बाजूचे गाणे सिंधुदुर्गातील वृद्ध स्त्रियांच्या स्मरणात जेथे अद्याप आहे, तेथे ते चालीसह ध्वनिमुद्रित करणे हे स्थानिक महाविद्यालयांच्या आवाक्यातील काम आहे. वेंगुर्ल्याच्या बंदरातून निघालेल्या आगबोटीतील माणसाचे मन जाणून घेण्यास साहित्यात पुष्कळ साधने आहेत. धक्क्यावरून परत फिरलेल्या बाईने घरी जाऊन जात्यावर काय म्हटले, ते मात्र विचारावे लागेल, आणि सांगणाऱ्या आहेत तोवरच विचारावे लागेल.